प्रॉक्सीला विचारायला लावा: नव्या लॅब-इन्चार्जसाठी

नेवासा तालुक्यातल्या एखाद्या कॉलेजची संगणक लॅब गळ्यात पडली असेल, तर अभिनंदन. कोपऱ्यातला घरघरणारा डबा म्हणजे प्रॉक्सी. पानं साठवून ठेवणारा. त्यात स्क्विड हे सॉफ्टवेअर, पोर्ट ३१२८.

आधी घड्याळ लावा. हसू नका. सीमॉसचा सेल केव्हाच मेलेला असतो, लाइट गेली की तारीख कुठल्या कुठे जाते, आणि प्रॉक्सीचा निम्मा हिशेब तारखांवरच चालतो. साठवलेलं पान शिळं वाटलं की तो मूळ सर्व्हरला विचारतो, ‘अमुक तारखेनंतर बदललंय का?’ किंवा जपलेला ईटॅग, म्हणजे पानाच्या आवृत्तीची खूण, दाखवतो. बदललं नसेल तर उत्तर येतं ३०४. अख्खं पान पुन्हा ओढावं लागत नाही.

शिळं कधी मानायचं, ते रिफ्रेश-पॅटर्न ठरवतो. तयार फाइलमधली त्याची शेवटची ओळ अशी: टिंब (म्हणजे कुठलाही पत्ता), ०, २०%, ४३२०. सर्व्हरने स्वतः मुदत दिली नसेल तर ही चालते. आणताना पान १० दिवस जुनं असेल, तर २ दिवस ताजं. वर्षभर जुनं असलं तरी ४३२० मिनिटं, म्हणजे ३ दिवसच. घोडेगावचा कांदा तीन दिवस एकाच भावाने विकायचा असेल तर ओळ तशीच ठेवा आणि रजा टाका. नसेल, तर भावाच्या पानाला ०, ०%, ० अशी ओळ द्या, पण टिंबाच्या वर. स्क्विड पहिली जुळलेली ओळ धरतो, खालच्या बघतही नाही.

निकालाच्या दिवशी पोरं कंट्रोल-एफ५ बडवतात. दर वेळी पान मुळापासून येतं. ‘इग्नोर-रिलोड’ लावाल तर पोरं जुन्याच पानावर अडकतील आणि पालक तुमच्या दारात येतील. ‘रिलोड-इंटू-आयएमएस’ बरा: बडवणं तेवढंच, पण सर्व्हरला जातो फक्त प्रश्न. हे दोन्ही पर्याय एचटीटीपीच्या मानकाबाहेरचे आहेत, भानगडीला तुम्हीच जबाबदार ठराल, असं स्क्विडची फाइलच बजावते. प्राचार्यांना ती ओळ दाखवू नका.

जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तरी एखाद्या पानावर अहमदनगरच दिसेल. लॉगमध्ये ‘रिफ्रेश अनमॉडिफाइड’ असेल तर डब्याला शिव्या देऊ नका. त्याने विचारलं होतं. पान तिकडेच बदललेलं नाही. ३०४ म्हणजे ‘बदललं नाही’, ‘बरोबर आहे’ असं नव्हे.

आणि हो, हे सगळं साध्या एचटीटीपीपुरतं. पत्त्यात एचटीटीपीएस असेल तर प्रॉक्सीला आतलं काही दिसत नाही, लॉगमध्ये नुसतं ‘टनल’ उमटतं. हल्ली बहुतेक साइटी तशाच आहेत. घड्याळ मात्र लावाच. हजेरी त्याच डब्यावर आहे.