निवृत्त महामार्ग क्रमांक 7 यांस अनावृत पत्र

मु. दशाश्वमेध घाट, वाराणसी
पौष महिना, धुके उतरायच्या आत

रा. रा. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 7 (निवृत्त) यांस सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, एक गृहस्थ आपल्याकडे येत आहेत. एकटे येत आहेत, मोटारीने येत आहेत आणि ऐन थंडीत दक्षिणेची वाट धरून येत आहेत. कुठे निघाले म्हणाल, तर खोपोलीला. कारण विचाराल, तर देवदर्शन नव्हे, सोयरीक नव्हे, कोर्टाची तारीखही नव्हे. इमॅजिका हे थीम पार्क! सुमारे दीड हजार किलोमीटर गाडी हाकून हे गृहस्थ पाळण्यात बसणार आहेत. मूळचे पुण्याकडचे, पोटासाठी काशीत. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असे गृहस्थ हल्ली एकदोन नसतात.

आपणांस हे पत्र पोहोचेल की नाही, याचीच आधी शंका आहे. एके काळी आपला पत्ता शाळकरी पोरालाही पाठ होता : वाराणसी ते कन्याकुमारी, 2369 किलोमीटर, देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग. मिर्झापूर, रीवा, जबलपूर, शिवनी, नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा, हैदराबाद, बंगळूर, मदुराई असा सगळा गोतावळा सांभाळत आपण समुद्राला भिडत होता. 2010 मध्ये सरकारने महामार्गांचे आकडे नव्याने लावले आणि आपले तुकडे निरनिराळ्या क्रमांकांत वाटले गेले. लखनादौनच्या खाली आपण आता 44 आहात. 44 चे उगमस्थान श्रीनगर, त्यामुळे काशीचा आणि कन्याकुमारीचा एका आकड्याने जुळलेला संबंध कागदोपत्री संपला. आणि सात हा आकडा? तो पंजाबातल्या फाजिल्काहून बद्रीनाथकडे जाणाऱ्या रस्त्याला मिळाला. सेवाज्येष्ठतेचा असा निकाल कुठल्याही सरकारी कचेरीत नवा नाही, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नये.

तर गृहस्थांचा आग्रह असा की प्रवासाची सुरुवात दशाश्वमेधावरूनच व्हायला हवी. फोटोसाठी ते बरे दिसते. अडचण इतकीच की घाटावर मोटार येत नाही. गोदौलियाच्या चौकात पोलिसांचे अडथळे लागतात आणि तिथून पुढे सगळे पायी : रिक्षावाला, मंत्री आणि बैल यांत फक्त बैलाला सूट. म्हणजे गृहस्थ आधी गाडी दूर कुठे तरी लावणार, चालत घाटावर येणार, गंगेकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढणार आणि पुन्हा चालत गाडीकडे जाणार.

वाटेत त्यांनी मलइयो तरी खावे. आपल्या वाटेवर पुढे ते मिळायचे नाही. दूध आटवून, रात्रभर उघड्या आकाशाखाली दवात ठेवून, पहाटे घुसळून त्याचा फेस वर काढतात. केशराच्या रंगाचा तो फेस कुल्हडात घालून वर पिस्त्याचे काप टाकतात. चमचा तोंडात गेला की जिभेला वजन लागत नाही, गार गोडवा तेवढा राहतो. ऊन चढले की हा फेस बसतो आणि थंडी सरली की दुकानातून नाहीसा होतो. जो पदार्थ फक्त हिवाळ्यात होतो, तो टाकून हिवाळ्यापासून पळणाऱ्या माणसाला काय म्हणावे?

पण गृहस्थांना थंडीचा एवढा कंटाळा नाही, जेवढा काशीचा आहे. इथे करमणूक नाही, असे त्यांचे म्हणणे. हे ऐकून घाटाला हसू आले असेल. रोज दिवेलागणीला याच पायऱ्यांवर चौथरे मांडून, एकसारख्या पोशाखातले तरुण पुरोहित एका तालात दीपमाळा फिरवतात. समोर नदीत नावा एकीला एक खेटून उभ्या असतात आणि पाण्यातल्या जागेचे भाडे पायरीवरच्या जागेपेक्षा जास्त पडते. गंगा सेवा निधी या संस्थेने 1990 च्या दशकात या आरतीला आजचे देखणे रूप दिले. त्याआधीही आरती होती, पण खुर्च्या नव्हत्या. शेजारच्या मान महालात, जिथे जयपूरच्या सवाई जयसिंगाने गच्चीवर वेधशाळा बसवली, तिथे 2019 पासून आभासी अनुभव देणारे संग्रहालय आहे. विश्वनाथाचा प्रशस्त कॉरिडॉर 13 डिसेंबर 2021 रोजी खुला झाला. 13 जानेवारी 2023 रोजी इथूनच ‘गंगा विलास’ नावाचे आलिशान जहाज 51 दिवसांच्या सफरीवर दिब्रुगढला निघाले. आणि कँट स्टेशनपासून गोदौलियापर्यंत सुमारे पावणेचार किलोमीटरच्या रोपवेची पायाभरणी त्याच वर्षी 24 मार्चला झाली. तारेवर लटकत गल्ल्यांवरून तरंगत यायचे आणि खाली उतरून दर्शनाच्या रांगेत लागायचे, याला खोपोलीत तिकीट काढून ‘राइड’ म्हणतात.

थोडक्यात, तीर्थक्षेत्र सोडून थीम पार्कला निघाल्याचा जो रुबाब गृहस्थ दाखवत आहेत, तो फारसा खरा नाही. मधली भिंत दोन्ही बाजूंनी बरीच पातळ झाली आहे, हे त्यांना वाटेत कळेलच.

एकट्याने प्रवास करण्याचाही त्यांना मोठा अभिमान. मराठी घरात मुलगा पहिल्यांदा एकटा निघतो तो सोडमुंजीत. खांद्याला झोळी, हातात दंड, पायांत वहाणा, आणि बटू जाहीर करतो की तो काशीला चालला. मग मामा आडवा येतो, ‘मुलगी देतो, जाऊ नकोस’ असे आश्वासन देतो आणि एकल प्रवास मांडवाच्या दाराशीच आटोपतो. प्रस्तुत गृहस्थ काशीहून उलटे निघाले आहेत आणि त्यांना अडवायला कोणाचाच मामा घाटावर हजर नाही.

पूर्वी या वाटेने दक्षिणेला जाणाऱ्याच्या खांद्यावर कावड असे. काशीची गंगा रामेश्वराला आणि सेतूची वाळू उलट गंगेला, हा व्यवहार किती शतके चालला याचा हिशेब नाही. पैठणच्या एकनाथांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे : रामेश्वरासाठी नेलेली कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. ही आख्यायिका म्हणून सोडून द्यावी, तर दुसरे एक गृहस्थ निव्वळ इतिहासातले आहेत, आणि ते नेमके खोपोलीकडचे निघतात.

विष्णुभट गोडसे, राहणार वरसई, तालुका पेण. आज ज्याला रायगड म्हणतात त्याच जिल्ह्यातले. वरसईहून इमॅजिका मोटारीने फार तर तासाभराची वाट. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असे ऐकून ते 1857 मध्ये काका रामभटांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. लूट, जाळपोळ, कत्तल सगळे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, मिळवलेले पैसेही गमावले. तरी पुढे काशी गाठली, आणि परतताना गंगेची कावड वरसईपर्यंत वाहून आणून आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. चिं. वि. वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकिकत लिहिली आणि 1907 मध्ये ती ‘माझा प्रवास’ म्हणून छापली गेली. काशी ते रायगड जिल्हा या मार्गाचे हे प्रवासवर्णन आपल्या गृहस्थांनी वाचलेले नाही. गाडीत ऐकायला म्हणून त्यांनी गाण्यांची यादी मात्र चोख केली आहे.

गंगाजलाचे विचाराल, तर त्यांनी ते घेतलेले नाही. ‘पोस्टात मिळते की,’ असे ते म्हणाले. त्यांचे खोटे नाही. डाकखात्याने 2016 पासून बाटलीबंद गंगाजल विकायला सुरुवात केली आहे. मोटारीच्या चार जागा मोकळ्या चालल्या आहेत. मागच्या सीटवर एक उशी, चिवड्याचा डबा आणि लाल-निळी छत्री. थंडीत छत्री कशाला, हे कोणी विचारू नये.

तर आता आपल्या हद्दीतले. मिर्झापूरपर्यंत धुक्यात त्यांना पुढच्या ट्रकचे लाल दिवे एवढाच देश दिसेल. कटनी ओलांडून जबलपूरकडे येताना स्लीमनाबाद नावाचे गाव लागेल. तिथे त्यांना थोडे थांबवावे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या विल्यम स्लीमनच्या नावाचे हे गाव. मिर्झापूरहून दख्खनला येणाऱ्या याच रस्त्यावर ठग वाटसरूला गाठत. धाक दाखवून नव्हे, गोड बोलून. ‘एकटे कशाला जाता, काळ वाईट आहे, बरोबर चला,’ ही त्यांची पहिली ओळ असे आणि रुमाल नंतर निघे. तेव्हा सोबत जिवावर बेतायची, आता सोबत नसणे बेतते. ते कसे, हे पुढे नागपूरनंतर येईल.

पेंचच्या जंगलातून जाताना मात्र आपले कौतुक करावे लागेल. मनसर ते खवासा या टप्प्यात रस्ता उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे. अशा नऊ जागा आहेत आणि त्यांतून वाघही जातात, हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. वर गृहस्थ वाघ दिसेल म्हणून वेग कमी करतील आणि खालून वाघ शांतपणे निघून जाईल. दोघांचीही सोय झाली.

नागपुरात शून्य मैलाच्या दगडापाशी आपला आणि त्यांचा निरोप. तिथून ते समृद्धी महामार्ग धरतील : 701 किलोमीटर, नागपूर ते ठाणे जिल्ह्यातले आमणे. पहिला शिर्डीपर्यंतचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे 5 जून 2025 रोजी. रस्ता उत्तमच आहे; खोट असलीच तर ती हीच. सिमेंटची एकसुरी पट्टी, वळण नाही, बैलगाडी नाही, कोणी मध्येच कट मारत नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीतल्या अभ्यासकांनी 2023 मध्ये इथल्या अपघातांमागचे एक कारण दाखवले ते ‘महामार्ग संमोहन’. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर आणि मेंदू घरी गेलेला. शेजारी बायको, मित्र किंवा नुसता भांडकुदळ मेव्हणा असला, तरी हे संमोहन टिकत नाही. एकट्या माणसाला शिव्या घालायलाही कोणी नसते.

अमेरिकेतही याच गृहस्थांसारखे थंडीला कंटाळलेले लोक उत्तरेतून फ्लोरिडाला मोटारीने उतरतात आणि तिथे ऑर्लँडोला 1971 पासून डिस्ने वर्ल्ड आहेच. मोटारीने थीम पार्क गाठण्यावर त्यांच्याकडे विनोदी चित्रपटही निघाला, 1983 साली. शिकागोचे एक कुटुंब हालअपेष्टा सोसत कॅलिफोर्नियाच्या थीम पार्कपर्यंत पोहोचते, तर फाटकाला कुलूप. गृहस्थांनी ऑनलाइन तिकीट काढले आहे, त्यामुळे त्यांच्या नशिबी एवढासुद्धा विनोद नाही.

शिर्डीला समृद्धीवरून खाली उतरावे, अशी त्यांना शिफारस करावी. तिथे ‘साई तीर्थ’ आहे. नाव तीर्थ, धंदा थीम पार्कचा, आणि तो लपवलेला नाही. यंत्रावर हलणारे-बोलणारे साईबाबा, हलत्या खुर्च्यांत बसून पाहायचे लंकादहन. ते चालवणारा संगमनेरचा मालपाणी समूह, आणि 2022 पासून इमॅजिकाही त्याच समूहाकडे. एका धन्याच्या दोन पेढ्या, एकीत भक्ती, दुसरीत किंकाळी.

किंकाळीची पेढी एप्रिल 2013 मध्ये उघडली, मनमोहन शेट्टींच्या ॲडलॅब्जने, खोपोली-पाली रस्त्यावर. या रस्त्याचा महिमा वेगळाच. एका अंगाला महडचा वरदविनायक, पुढे पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकांतले दोन गणपती आणि मध्ये पाळणे. अनेक कुटुंबे सकाळी दर्शन आटोपून, मोदक-पेढ्यांचा पुडा गाडीत ठेवून, दुपारी पार्कात शिरतात आणि त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. वाटूही नये. जत्रेत देऊळ आणि पाळणा नेहमी शेजारीच होते.

तिथला नावाजलेला पाळणा म्हणजे ‘नायट्रो’. पायाखाली तळ नाही, पाय हवेत लोंबतात, आणि वेग ताशी 105 किलोमीटरच्या आसपास. समृद्धीवर मोटारीला ताशी 120 ची परवानगी आहे. म्हणजे दिवसभर 120 ने आलेले गृहस्थ 105 ने जाण्यासाठी रांग लावणार आणि किंचाळणार. नायट्रोत एका ओळीत चार जण बसतात. एकटा आलेला माणूस तिथे पोहोचला की कर्मचारी बोटे दाखवून विचारतो, ‘किती जण?’ एक बोट वर झाले की तीन कॉलेजकुमारांच्या टोळक्याला चौथा मिळतो. टोळक्याला काका मिळतात आणि काकांना तीन मिनिटांचे कुटुंब.

आता एकच सांगायचे राहिले. 2016 मध्ये याच आवारात ‘स्नो पार्क’ उघडले होते. भाड्याचा कोट अंगात घालून शून्याखालच्या थंडीत घसरायचे. काशीच्या थंडीपासून पळून आलेल्या माणसाने खोपोलीच्या उन्हात थंडी विकत घेण्याची ही व्यवस्था पाहून आपण हसू नये. निवृत्तांनी हसू नये असा नियम नसला, तरी.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
घाटावरचा एक रिकामटेकडा

ता. क. : डिसेंबर-जानेवारीत मिर्झापूर-रीवा टप्प्यात पहाटेचे धुके दाट असते. ऊन पडल्याशिवाय गाडी काढू नये आणि समृद्धीवर दर दीड-दोन तासांनी उतरून तोंडावर पाणी मारावे. एवढे त्यांना आपणच सांगा; घाटाचे ते ऐकत नाहीत.