पोटरीचा पंप आणि बोदवडचा प्रवासी

माणूस तासन्‌तास न हलता बसला की पायाच्या खोल शिरांतले रक्त मंदावते आणि कधीकधी तिथेच गोठते. त्या गुठळीचा तुकडा सुटला तर तो हृदयातून थेट फुफ्फुसात जाऊन अडकतो आणि प्रकरण जिवावर बेतते. पायातले रक्त वर चढवणे एकट्या हृदयाच्या आवाक्यातले नाही. ते काम बरेचसे पोटरीच्या स्नायूंकडे आहे. बोदवड तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे समजावायला चित्र काढावे लागत नाही. पोटरी ही विहिरीवरची मोटर आणि शिरांतल्या झडपा हे तिचे फूट व्हॉल्व्ह. स्नायू आवळला की रक्त वर ढकलले जाते, सैल पडला की झडप ते खाली येऊ देत नाही. शेतात हे तंत्र बिनचूक सांभाळणारा गृहस्थ विमानात मात्र 16 तास मोटर बंद ठेवतो आणि उतरताना बूट पायात का शिरत नाही, याचे नवल करतो.

यात विमानाचा दोष लोक समजतात तेवढा नाही. रक्त का गोठते याची कारणे जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने सांगितली जातात. रक्त मंदावणे, शिरेच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताचीच गोठण्याची ओढ वाढणे, ही ती तीन. 1940 मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक रात्र-रात्र निवाऱ्यात कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढत. त्यांच्यातल्या काहींचा अचानक मृत्यू फुफ्फुसातल्या गुठळीने झाल्याचे कीथ सिम्प्सन या डॉक्टरांनी नोंदवले. तिथे विमाने होती, पण ती डोक्यावर. विमानात बसलेल्या माणसाची पाळी 1954 मध्ये आली. बॉस्टनच्या जॉन होमन्स यांनी 14 तासांच्या उड्डाणानंतर गुठळी झालेल्या एका प्रवाशाची हकिगत छापली. तो प्रवासी स्वतः डॉक्टर होता. पुढे या दुखण्याला ‘इकॉनॉमी क्लास’चे नाव चिकटले, पण महागड्या सीटवर हलायचे टाळणाऱ्यालाही गुठळी सवलत देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार 4 तासांहून अधिक बसून प्रवास केला की गुठळीची शक्यता साधारण दुप्पट होते. मग ते विमान असो, रेल्वे असो, बस असो की मोटार. इथे बोदवडकराची पंचाईत होते. मुलाकडे अमेरिकेला निघालेले दाम्पत्य आधी भुसावळला येते, तिथून सव्वाचारशे किलोमीटरहून लांबची मुंबई गाठते आणि विमानाचे शेपूटही दिसण्यापूर्वी 4 तासांचा हिशेब पुरा करून बसते. त्यानंतर विमानतळावर तीन तास बाकावर, आणि मग न्यूअर्कपर्यंत 15-16 तास खुर्चीत. तरीही छातीत धस्स होण्याचे कारण नाही. धडधाकट माणसाला ही बाधा होण्याचे प्रमाण 4 तासांवरच्या प्रवासात सुमारे 6000 मध्ये एक एवढेच आहे. पॅरिसच्या विमानतळावर 1993 ते 2000 या काळात उतरलेल्या साडेतेरा कोटी प्रवाशांत फुफ्फुसात गुठळी अडकल्याचे 56 जण सापडले. मात्र अंतर वाढेल तसा धोका चढत गेला, आणि 10,000 किलोमीटरच्या पुढे तो सर्वाधिक होता. न्यूअर्क त्याही पलीकडे आहे.

त्यात भर चाकाच्या खुर्चीची. इंग्रजी बोलावे लागू नये आणि विमान बदलताना चुकू नये म्हणून मुले परस्परच आईवडिलांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवतात. सोय उत्तम आहे. पण शेजारच्या मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर महिनाभर पायी पंढरपूर गाठणाऱ्या आजी विमानतळावर दोनशे पावलेही टाकत नाहीत, आणि पोटरीला मिळू शकणारी शेवटची संधी ढकलणाऱ्या पोऱ्याच्या पोटऱ्यांना मिळते. ज्यांना खरोखर चालवत नाही त्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी खुर्चीत बसण्याआधी दालनात चार फेऱ्या माराव्यात.

सीट मिळते ती बहुधा खिडकीची, कारण तीच मागितलेली असते. खाली ढग आणि पुढे अंधार, एवढे पाहण्यासाठी प्रवासी स्वतःला कोपऱ्यात कोंडून घेतो. वाटेकडची सीट घेतली की उठणे सोपे जाते. पायांसमोरची उरलीसुरली जागा कळण्याचे पीठ, उडदाचे पापड आणि लोणच्याच्या बरणीने भरलेली पिशवी अडवते. ती वरच्या कप्प्यात ठेवायला बाईंचा ठाम नकार असतो, कारण बरणी आडवी होईल. मग गृहस्थ पाय वर घेऊन मांडी घालायचा प्रयत्न करतात. घरच्या ओट्यावर शोभणारी ही बैठक अरुंद खुर्चीत गुडघ्यामागच्या शिरा दाबून धरते. ठेंगण्या माणसाला आणखी एक जाच असतो. पाय जमिनीला टेकत नाहीत आणि खुर्चीची कड मांडीखाली रुतते. विमानात मिळणारे पांघरूण घडी करून पायाखाली घेतले की हा प्रश्न सुटतो.

शेजारी झोपलेला असला की भिडस्तपणा आडवा येतो. “त्याले उठवू नका, बिचारा झोपेल आहे ना,” असे म्हणून बाई यजमानांना खाली बसवतात. उठावेच लागू नये म्हणून दोघेही पाणी पीत नाहीत. विमानातली हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी प्यावे हे बरोबरच. पण पाण्याचा खरा उपकार असा की ते माणसाला दर दोन तासांनी उठायला भाग पाडते. दारू आणि झोपेची गोळी नेमके उलटे काम करतात.

बसल्या जागी करायचा व्यायाम सोपा आहे. चवडे टेकवून टाचा उचलाव्यात, मग टाचा टेकवून चवडे उचलावेत, अधूनमधून पोटरी आवळून सोडावी. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. पुढच्या सीटला धक्के न देता हे जमते.

गुडघ्यापर्यंतच्या घट्ट दाबमोज्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. विमानप्रवाशांवरच्या चाचण्यांत तपासलेल्या 2637 जणांपैकी 50 जणांना लक्षणे नसलेली गुठळी आढळली. त्यांतल्या 47 जणांनी मोजे घातलेले नव्हते. मोजा चढवणे हे मात्र एकट्याचे काम नाही. एकाने पाय ताणायचा, दुसऱ्याने ओढायचे आणि सुनेने व्हिडिओ कॉलवरून सूचना द्यायच्या. तो सूज येण्याआधी घालायचा आणि मापाचाच घ्यायचा; वर गोळा झालेला मोजा पोटरीला दोरीसारखा आवळतो. मधुमेहाने पायाचा रक्तपुरवठा घटलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घालू नये.

ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, नुकतेच ऑपरेशन झाले आहे, कर्करोग आहे, जे फार स्थूल आहेत, ज्या गरोदर आहेत किंवा गर्भनिरोधक अथवा हार्मोनच्या गोळ्या घेतात, त्यांनी तिकीट काढतानाच डॉक्टरांना भेटावे. कोणाला रक्त पातळ करणारे औषध लागेल, कोणाला नाही. शेजाऱ्याने सांगितले म्हणून ॲस्पिरिन घेण्याचा प्रघात आहे, पण केवळ प्रवासासाठी ते घ्यावे असे तज्ज्ञ सांगत नाहीत.

दोन्ही पाय सारखे सुजणे ही बहुधा बसून राहिल्याची साधी सूज असते, आणि ती चालल्यावर उतरते. एकच पाय सुजला, पोटरी दुखली, गरम किंवा लाल झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दम लागला, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले तर थेट मोठे रुग्णालय. विमानातून उतरल्यावर काही आठवड्यांनीही गुठळी त्रास देऊ शकते. म्हणून बोदवडला परतल्यावर असे काही झाले, तर डॉक्टरांना अमेरिकेतल्या नातवाचे कौतुक सांगण्याआधी विमानाचा प्रवास सांगावा.