तबकडीपंतांचा आराम

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की तबकडीपंत जाहीर करतात, "आता सोमवारपर्यंत नुसता आराम." हे ऐकून वहिनींच्या पोटात गोळा येतो. पंतांच्या आरामाइतकं कष्टाचं काम त्या घरात दुसरं नाही.

पंत तुम्हाला कुठंही भेटतील, पुण्यात कोथरूड-बाणेरच्या बाजूला जरा जास्त. वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी संगणकाची, पोरगं दहावी-बारावीत, गुडघे नुकतेच बोलू लागलेले. या वयात माणसाला काहीतरी व्हावंच लागतं. काही जण पहाटे उठून मॅरेथॉनची तयारी करतात, काही घरी पाव भाजून नातेवाइकांना वाटतात. उरलेले तबकड्यांकडे वळतात. शेजारी म्हणून विचाराल तर पाववाले बरे. निदान खायला मिळतं.

पंतांची सुरुवात वाढदिवसाला मिळालेल्या एका छोट्या पेटीवजा प्लेअरने झाली. त्याला ब्लूटूथ होतं. पहिले काही महिने पंत तबकडी लावायचे, आवाज हवेतून कोपऱ्यातल्या स्पीकरला पाठवायचे आणि आम्हाला सांगायचे, "ही ऊब डिजिटलमध्ये नाही हो!" मग त्यांच्याच मुलाने त्यांना सांगितलं की ब्लूटूथ म्हणजे डिजिटलच. त्या रविवारी पंत जेवले नाहीत.

पुढच्याच महिन्यात पेटी गेली आणि सामान आलं. प्लेअर वेगळा, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, आणि दोघांच्या मधे एक काळी डबी. ही डबी काय करते ते पंत न विचारता सांगतात. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबतात, कारण तो आहे तसा कोरला तर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर फारसं काही मावायचं नाही. टिपेचे सूर उलट वाढवून ठेवतात. ऐकताना हे सगळं पुन्हा उलटं फिरवावं लागतं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी त्याचं प्रमाणही ठरवून टाकलं. म्हणजे "आवाजात कुणी ढवळाढवळ केलेली मला चालत नाही" म्हणणाऱ्या पंतांच्या दिवाणखान्यात ढवळाढवळ निस्तरायला एक स्वतंत्र यंत्र आहे. मी हे एकदा बोलून दाखवलं. त्या दिवशी चहा नुसता आला, बिस्किटं आली नाहीत.

शनिवार धुण्याचा. सकाळी आंघोळ करून पंत तबकड्यांच्या सोवळ्यात शिरतात. पाणी डिस्टिल्ड, फडकं मायक्रोफायबरचं, ब्रश कार्बन फायबरचा. तबकडी दोन तळव्यांनी फक्त कडेला धरायची. खाचेला बोट लागता कामा नये, कारण बोटाला तेल असतं. स्वयंपाकघरातल्या माणसाने तर त्या बाजूला फिरकायचंच नाही. वहिनींचं कपड्यांचं स्टँड गॅलरीतून हलतं आणि तिथं ताटं वाळवायच्या जाळीत मुकेश, तलत आणि बेगम अख्तर ओळीने उभे राहतात. जेवायची ताटं त्या दिवशी ओट्यावर.

रविवारी सकाळी जुना बाजार. तिथं पंत गर्दीत उकिडवे बसून खोकी उपसतात. गुडघे कुरकुरत असतातच, पण इथली कुरकुर त्यांना चालते. सुईखालच्या कुरकुरीसारखी तीही अस्सल. 'शोले'च्या संवादांची तबकडी त्यांच्याकडे आधीच आहे, तरी दर वेळी ती हातात घेऊन ते एकदा हसतात. विकणाऱ्याला हे हसणं कळतं. तो भाव वाढवतो.

यातली गंमत अशी की पंतांच्या घरात तबकड्या होत्याच. वडिलांनी, म्हणजे नानांनी, पै-पै करून जमवलेल्या, फिएस्टा प्लेअरसकट. मग कॅसेट आल्या. तबकड्या माळ्यावर गेल्या आणि माळा साफ करताना रद्दीवाल्याकडे. थोड्या मागे राहिल्या होत्या, त्या पंतांच्या आत्याने गरम पाण्यात वाकवून त्यांच्या नक्षीदार वाट्या केल्या. त्यातली एक अजून टीव्हीजवळ आहे, तिच्यात रबरबँड आणि जुन्या किल्ल्या असतात. तळाशी लेबल बघून पंतांनी परवा शोधून काढलं की ती मल्लिकार्जुन मन्सूर आहे. तेव्हापासून किल्ली घ्यायची तरी ते आधी कानाची पाळी पकडतात.

रविवारी दुपारी जेवणं झाली की प्रत्यक्ष श्रवण. पण त्याआधी व्याख्यान असतं. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने गाणं संपताच ध्वनिग्राहकात आपलं नाव कसं पुकारलं, हे आम्हा शेजाऱ्यांना पाठ आहे. जुन्या ७८च्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपायला लागे, म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांनी समुद्र कसा लोटीत भरला, तेही. खाँसाहेबांची अशी एक तबकडी पंतांकडे भिंतीवर फ्रेममध्ये आहे. ती वाजत नाही. तिला जाड सुई लागते आणि ती अजून कुरिअरमध्ये आहे.

मग एल.पी.ची महती. १९४८ साली ती आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. मिनिटाला ३३⅓ या हिशोबाने बावीस मिनिटांत सातशेवर फेरे, आणि तेवढ्यात सुई जवळजवळ अर्धा किलोमीटर चालते. डॉक्टरांनी पंतांना रोज चालायला सांगितलंय. हा आकडा सांगताना घरातलं कुणीतरी चाललं याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असतं.

एकदा भीमसेन लागले. पंत डोळे मिटून म्हणाले, "काय तडफ आहे बघा! तरुणपणचं रेकॉर्डिंग." आम्हीही माना डोलावल्या. आतून पंतांच्या आईंचा आवाज आला, "अरे, भीमसेनांना गाडी गाठायचीय का कुठली?" प्लेअरचा खटका ४५वर होता. ३३ची तबकडी ४५वर लागली की गाणाऱ्याचा षड्ज जवळपास मध्यमावर जाऊन बसतो. हे पंतांनी आम्हाला नंतर फार सविस्तर समजावून सांगितलं.

पण खरं सांगायचं तर सगळ्यात चांगलं ऐकणं पुढे असतं. पंतांच्या संग्रहात किशोरीताईंची ती तबकडी आहे, एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री. भूप दुपारी लावतात का, असं आई विचारतात, आणि रागाची वेळ सांगणाऱ्यांना पंत जुन्या विचारांचे म्हणतात. भूप सुरू होतो. पंत पाचव्या मिनिटाला "आलापीचा पोत बघा" म्हणतात आणि सातव्या मिनिटाला घोरतात. आठवड्यात पहिल्यांदा त्या माणसाच्या कपाळावरची आठी गेलेली असते. बाजू संपते. प्लेअर आपोआप थांबणारा नाही, कारण तसल्या यंत्रणेने आवाज बिघडतो असं पंतांचं मत. सुई आतल्या रिकाम्या खाचेत टक् टक् करत फिरत राहते.

तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून येतात, पदराला हात पुसल्यासारखं करतात, दांडी उचलतात, तबकडी उलटतात आणि बागेश्री लावून खुर्चीत बसतात. बोलत नाहीत, पोतही बघत नाहीत. बागेश्री पुरता ऐकतात. मग तबकडी पुन्हा भूपावर, सुई शेवटच्या खाचेत, टक् टक् चालू, आणि वहिनी चहाच्या आधणाकडे. आम्ही हे पाहिलेलं नसतं असं ठरलेलं आहे. पंत जागे होऊन म्हणतात, "दुसरी बाजू पुढच्या वेळी. एका बैठकीत दोन राग जड होतात."

गेल्या शनिवारी पंतांनी मला खास घरी बोलावलं आणि हातात भिंग दिलं. बागेश्रीच्या बाजूला कडेपाशी पिवळसर डाग होता. "तीनदा धुतली, निघत नाही," ते म्हणाले. "हळद आहे. आधीचा मालक जेजुरीकडचा असणार, भंडाऱ्याच्या हाताने लावत असेल. भाविक, पण दर्दी! बघा, भूपाला बोट लावलेलं नाही, सगळं ऐकणं बागेश्रीचं."

वहिनी दारात मटार सोलत उभ्या होत्या. "येळकोट येळकोट," त्या म्हणाल्या आणि साली टाकायला आत गेल्या.