वर्क्स गाडी? सांगाडा दाखवा!

जाहिरातीत ‘अस्सल वर्क्स गाडी’ एवढे तीन शब्द पडले की किंमत कुठल्या कुठे जाते. वर्क्स गाडी म्हणजे कंपनीच्या रॅली विभागाने बांधलेली आणि कंपनीच्याच संघाने पळवलेली. हुबेहूब तशीच दिसणारी साधी मिनी कूपर एस त्या भावाच्या जवळपासही जात नाही. मग विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: समोर उभ्या असलेल्या या गाडीतलं नेमकं काय काय रॅलीत धावलं होतं?

प्रश्न विचारायला कारण आहे. मिनी बनवणाऱ्या बीएमसीचा (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) रॅली विभाग इंग्लंडात ॲबिंग्डनला होता. तिथल्या मिनींनी मोंटे कार्लो रॅली 1964, 1965 आणि 1967 साली जिंकली. पण त्या विभागाला संग्रहालय भरवायचं नव्हतं, पुढच्या रॅलीला गाडी तयार हवी होती. गाडीचा पत्र्याचा सांगाडा पिचला की नवा घ्यायचा, जुन्यातलं कामाचं सामान त्यावर चढवायचं, जुनीच नंबरप्लेट ठोकायची आणि निघायचं. फोर्डच्या बोरहॅममधल्या रॅली विभागात एस्कॉर्टच्या बाबतीतही हेच चालायचं. उतरवलेला प्रत्येक सांगाडा भंगारात गेला असंही नाही. काही विकले गेले, दुसऱ्या नंबरावर पुन्हा धावले. त्यामुळे आज एकाकडे नंबर आणि कागद, तर दुसऱ्याकडे खराखुरा सांगाडा, असं होऊ शकतं. आणि दोघेही छातीठोकपणे सांगणार, गाडी माझीच.

सांगाडा बदलला म्हणून गाडी खोटी ठरते, असं मी मुळीच मानत नाही. विभागानेच बदलला असेल तर तो तिच्या इतिहासाचा भाग झाला. पण अलीकडे कुठल्यातरी गॅरेजमध्ये घातलेला सांगाडा ॲबिंग्डनचा म्हणून गळ्यात मारणं ही सरळसरळ फसवणूक आहे. तिला ‘रिस्टोरेशन’ म्हणू नये.

1990 साली लंडनच्या उच्च न्यायालयात बेंटलीच्या ‘ओल्ड नंबर वन’चा खटला गाजला. ही रॅलीची गाडी नाही, 1929 आणि 1930 साली ल मान्स जिंकलेली शर्यतीची गाडी. सौदा एक कोटी पौंडांचा. घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला: भाग बदलत गेले तरी गाडीचं अस्तित्व कुठे तुटलेलं नाही आणि या नावावर दुसऱ्या कुठल्या गाडीचा दावाही नाही. निकाल मला पटतो. मात्र विक्रेते त्याचा पहिला अर्धा भाग तेवढा ऐकवतात. दुसरा दावेदार उभा असेल तर या निकालाचा आधार लंगडा पडतो.

आंतरराष्ट्रीय मोटार संघटना एफआयएचा ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्टही असाच पुढे केला जातो. गाडी त्या काळच्या तांत्रिक नियमांत बसते, एवढंच तो सांगतो. ती कुठे धावली, कोणी चालवली, हे त्याचं कामच नाही.

खरी साक्ष पत्रा देतो. सहचालकासमोर हाल्डाचं अंतरमापक बसवायला डॅशबोर्डला भोकं पाडलेली असत. जुन्या फोटोत ती दिसतात, म्हणून नकली गाडीतही अगदी त्याच जागी पाडली जातात. तेव्हा भोकाची कड बघा. जुन्या भोकाच्या कडेला रंगाचे थर एकावर एक चढलेले असतात, नव्याच्या कडेला नसतात. डॅशबोर्डची मागची बाजू, गालिच्याखालचा रंग, सांध्यांवरचं वेल्डिंग, जे फोटोत आलंच नाही ते आधी तपासा. तिथे नक्कल करणाऱ्याला उतरवून घ्यायला नमुना नसतो.

जुने फोटो पुरवून इथे मुंबईकरांनाही हातभार लावता येईल. 1968 च्या लंडन–सिडनी मॅरेथॉनच्या गाड्या लंडनहून मुंबईपर्यंत रस्त्याने आल्या आणि इथून ‘चुसान’ बोटीने ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला गेल्या. त्यांत कंपन्यांच्या संघांच्या गाड्याही होत्या. रॅलीचालक पॅडी हॉपकर्क यांची ऑस्टिन 1800 पुढे सिडनीला दुसरी आली. त्या दिवसांत कोणाच्या वडिलांनी किंवा काकांनी फोटो काढले असतील, तर अल्बममधून बाहेर काढा. मोठ्या आकारात स्कॅन करा, मागे लिहिलेली तारीखही घ्या, आणि कडा कापू नका. दिव्याचा ब्रॅकेट किंवा दारावरचा पोचा कोपऱ्यातच सापडतो, आणि खरी गाडी ओळखायला तोच उपयोगी पडतो.