झेंडूची पदोन्नती

दसऱ्याच्या सकाळी दारावर चढणारा आणि चार दिवसांत सुकून कचऱ्याच्या डब्याकडे रवाना होणारा झेंडू हा आजवर आपल्या पुष्पसृष्टीतला केवळ हंगामी शिपाई होता. परंतु औषधी कारखानदारांच्या कृपेने त्याची बढती होऊन तो आता मनुष्यमात्राच्या दृष्टिपटलाचा पहारेकरी म्हणून कॅप्सूलमध्ये तैनात झाला आहे, ही वार्ता कोणाही गुणग्राहकाला संतोष देणारीच म्हटली पाहिजे. वाळलेल्या पाकळ्यांतून हेक्झेनच्या साहाय्याने काढलेले त्याचे ल्यूटिन हे पीतद्रव्य कोंबड्यांच्या खाद्यातही घालतात, कारण बलक पिवळाधमक असल्यावाचून गिऱ्हाइकाचे समाधान होत नाही. तथापि त्याबद्दल एकाही कोंबडीने प्रशस्तिपत्र दिल्याचे ऐकिवात नाही.

शास्त्राची बाजू अगदीच लंगडी आहे, असे मात्र कोणी समजू नये. दृष्टिपटल हे प्राणवायूचे मोठे खादाड; त्यातील प्रकाशग्राही पेशींची आवरणे सहज खराब होणाऱ्या स्निग्धाम्लांनी भरलेली; आणि त्यांवर अहोरात्र प्रकाशाचा मारा. अशा ठिकाणी निळा प्रकाश शोषणारे व उन्मत्त झालेल्या प्राणवायूला शांत करणारे ल्यूटिन आणि त्याचे भावंड झिॲझँथिन ही द्रव्ये दृष्टिपटलाच्या मध्यभागी, पीतबिंदूत, साठविलेली आढळतात, आणि शरीर ती स्वतः निर्माण करू शकत नसल्यामुळे ती अन्नातूनच यावी लागतात. इथपर्यंत आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती उंदरांच्या वतीने. १९६६ साली अमेरिकेतील वेर्नर नोएल यांनी पिंजऱ्यातील उंदरांवर तासन् तास प्रकाश सोडून दाखवून दिले की, साध्या दिव्याच्या उजेडानेही दृष्टिपटल कायमचे जायबंदी होते. तेव्हापासून पांढऱ्या कातडीचे, गुलाबी डोळ्यांचे, बुबुळात रंगद्रव्याचा पडदाही नसलेले हे निशाचर जीव प्रखर उजेडात डांबावेत, आधी कोणाला या वनस्पतीचा अर्क तर कोणाला त्या फळाचा पाजावा, आणि ज्याच्या पेशी कमी मेल्या त्याच्या जोरावर जाहिरात छापावी, अशी वहिवाट पडली आहे. ज्या गृहस्थाच्या हातातल्या मोबाइलचा उजेड उघड्या आकाशाच्या उजेडापुढे नगण्य आहे, त्याने आपली गणना त्या उंदरांत का करावी, हे आम्हांस उमगलेले नाही.

तथापि तो करतो. आमच्या परिचयातील एक सुविद्य गृहस्थ रात्री दोन वाजेपर्यंत पलंगावर आडवे होऊन अज्ञात इसमांची भांडणे पाहतात आणि सकाळी चहाबरोबर एक कॅप्सूल गिळतात. ‘‘अहो, मेथी केलीय, थोडी घ्या ना,’’ असे पत्नीने म्हणताच त्यांच्या चेहऱ्यावर जप्तीची नोटीस आल्यासारखी कळा पसरते. वास्तविक मेथी-पालकात ल्यूटिन भरपूर, आणि ते स्निग्ध पदार्थातच विरघळत असल्यामुळे तेलाच्या फोडणीने त्याची शरीरात जाण्याची सोयही आयती झालेली. परंतु भाजीच्या जुडीवर शास्त्रज्ञाचे छायाचित्र नसते, ही तिची मोठी उणीव आहे.

राहता राहिला माणसांवरचा पुरावा. वार्धक्यात पीतबिंदूचा ऱ्हास होऊ लागलेल्या चार हजारांहून अधिक रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या विस्तृत चाचणीचा निकाल २०१३ साली लागला, तेव्हा आढळले ते असे की, आधीच गुणकारी ठरलेल्या जीवनसत्त्वे व जस्ताच्या मिश्रणात ल्यूटिन व झिॲझँथिन या दोन द्रव्यांची भर घातल्याने एकंदरीत विशेष अधिक लाभ झाला नाही; मात्र त्याच मिश्रणातील बीटा-कॅरोटिनमुळे पूर्वी धूम्रपान केलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसल्यामुळे, त्याला बडतर्फ करून रिकाम्या जागी ल्यूटिनची नेमणूक करणे श्रेयस्कर ठरले. म्हणजे झेंडूला सरकारी शिफारस मिळाली ती आजारी डोळ्यांपुरती, आणि तीही पूर्वाधिकाऱ्याच्या गैरवर्तनामुळे. निरोगी माणसाने मोबाइलपुढे जागरण करावे आणि त्याचा जामीन झेंडूने राहावे, असे त्या निकालपत्रात कोठेही नमूद नाही.

हे सर्व आम्ही आमच्या गृहस्थांस सविस्तर निवेदन केले, तेव्हा त्यांनी बाटलीच पुरावा म्हणून पुढे केली. तिच्यावर नियमाप्रमाणे ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापलेली होती, तीही इतक्या बारीक टायपात की, ती वाचण्यासाठी त्यांना चष्मा शोधून मोबाइलची बॅटरी लावावी लागली. वाचून झाल्यावर त्यांनी आणखी दोन बाटल्या मागविल्या. तीन घेतल्यास सवलत होती.