सूर्यनारायणास अनावृत पत्र

श्रीमंत सवितामहाराज, मुक्काम आकाश, यांचे सेवेसी सोलापूरच्या पूर्व भागातील एका भाडेकरूचा साष्टांग नमस्कार. विज्ञापना ऐसीजे :

13 फेब्रुवारी 2024 रोजी केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना जारी करून एक कोटी कुटुंबांच्या वीजबिलाचा भार आपल्या शिरावर सोपविला, ही वार्ता ऐकून या शहराने आधी कपाळीचा घाम पुसला. कारण ज्या बिलातून आपण आमची मुक्तता करणार, ते वैशाखात पारा चाळिशीपार नेऊन फुगविणारेही आपणच. रोग देणाऱ्यालाच वैद्यकीची सनद बहाल करण्याची ही राजनीती कौटिल्यालाही सुचली नसती.

मदत उदार आहे. तीन किलोवॅटच्या संचास 78,000 रुपये अनुदान, शिवाय दरमहा तीनशे युनिटांपर्यंत मोफत विजेचे आश्वासन. मुख्य शर्त काय ती एक, आणि तीही किरकोळ : छप्पर अर्जदाराच्या मालकीचे असावे. होटगी रस्त्यावरील बंगलेवाल्यांनी ती लीलया पूर्ण केली.

आमच्या शेजारची विडी कामगार बाई मात्र दिवसभर पंखाच लावत नाही. वाऱ्याने सुपातली तंबाखू उडते आणि भिजवलेले पान वाळून वळताना फाटते. रात्री पोरे तळमळू लागली की ती बटण दाबते, आणि तेवढ्यावरही तिला सवलतीचा दर लाभत नाही, कारण वाड्यातील साऱ्या खोल्या मालकाच्या एकाच मीटरवर असल्याने प्रत्येकीचा वापर बेताचा असूनही बेरीज शंभर युनिटांचा आकडा ओलांडून वरच्या दरात जाते. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क ही सारी मंडळी बिलावर हजर असतात. अनुदान तेवढे गैरहजर. शंभर युनिटांच्या आतल्या ग्राहकांसाठी राज्य सरकारने 2025 मध्ये जादा अनुदान जाहीर केले खरे, पण तेही छपरावरच उतरते.

कुंभारीच्या रे नगरात जानेवारी 2024 मध्ये पंधरा हजार कामगार कुटुंबांना हक्काची घरे मिळाली, त्यांना आमच्या शुभेच्छा. उरलेल्यांच्या वतीने अर्ज इतकाच की, अनुदान छपराला न देता बिल भरणाऱ्या माणसाला द्यावे, अशी समज आपण मंत्रालयास द्यावी. आणि ती पटेपर्यंत निदान चैत्र-वैशाखात रोज तासभर उशिरा उगवावे.

कळावे, लोभ असावा. ताप कमी असावा.