जुने नाव ठळक अक्षरात लिहावे

ज्या नावाची लाज वाटते म्हणून ते बदलायचं, तेच आधी साऱ्या गावाला वाचून दाखवायचं, अशी आपल्याकडं रीत आहे. प्रतिज्ञापत्रात जुनं नाव, अर्जात जुनं नाव, आणि शेवटी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जुनं नाव, शेजारी नवं. पूर्वी राजपत्राचे गठ्ठे कुठल्यातरी कपाटात पडून असायचे, तेव्हा निदान धूळ तरी अब्रू झाकायची. आता राजपत्र ऑनलाइन आहे. पारदर्शक कारभार म्हणतात तो हाच.

अंकशास्त्रवाल्यानं सांगितलं म्हणून आडनावात एक जादा ‘ए’ घुसवणाऱ्या साहेबांना याचं काही वाटत नाही. ते राजपत्राचं पान फ्रेम करून लावतील. पण आमच्या सातारा-सांगलीकडं नाव बदलायला येणारं गिऱ्हाईक वेगळं आहे. पहिली मुलगी झाली, तर पहिली बेटी धनाची पेटी. दुसरी झाली, देवाची मर्जी. तिसरी झाली की आत्यानं पाळण्यात वाकून, कुर्रर्र करून कानात सांगायचं: नकुसा. एवढं स्पष्ट बोललं की देवाला कळतं आणि पुढच्या खेपेला तो मुलगा धाडतो, असा समज. अर्ज देवाकडं करायचा आणि लिहायचा पोरीच्या अंगावर.

अशी नावं मुलग्यांनाही असतात की, असा एक युक्तिवाद पारावर नेहमी ऐकू येतो. असतात. पण दगडू, धोंडू ही नावं आधीची पोरं दगावली म्हणून, हे तरी हाती लागू दे, काळाची नजर चुकू दे, म्हणून ठेवलेली असतात. दगडूला गमवायची भीती असते. नकुसा हाती लागली, हीच तक्रार असते.

२०११ साली सातारा जिल्हा परिषदेनं या नकुशांचा शोध घेतला. २८५ निघाल्या. २२ ऑक्टोबरला साताऱ्यात समारंभ झाला. केसांत रिबिनी, अंगात ठेवणीतले कपडे, हातात नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलं. कुणी सिनेमातल्या नटीचं नाव घेतलं, कुणी देवीचं. त्याच वर्षीच्या जनगणनेचे पहिले आकडे साताऱ्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८८१ मुली दाखवत होते. सांगलीनं या बाबतीतही साताऱ्याला हरवलं. तिथला आकडा आणखी खाली होता. पुढं मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले, तेव्हा नाव ठेवायची वेळच येऊ न देणाऱ्या घरांचाही अंदाज आला.

समारंभ चांगलाच होता. आरोग्य खात्याचा हेतूही सरळ होता. फक्त नकोसं नाव पुसायला स्टेज, माईक आणि कॅमेरे लागले. एरवी जे नाव वाडीबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं, ते परदेशातल्या वर्तमानपत्रांत पोचलं. फोटोसकट. तिथं ते अजून आहे. ऐश्वर्या या नव्या नावानं शोधलं तर ती सापडणार नाही, पूर्वीची नकुसा म्हणून लगेच सापडेल.

आणि त्या यादीत न बसलेल्या, तेव्हाच सासरी गेलेल्या थोरल्या नकुशांचं काय? त्यांचं नाव लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं नाव लिहिलं, सगळ्यांनी वाचलं. खर्च मूठभर तांदूळ. पण तांदळावरचं नाव आधारला चालत नाही. म्हणून बाई अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात जाते. चाळिशीची, डोक्यावर पदर, पिशवीत रेशनकार्ड, दाखला, आधार, पासबुक, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. कॉम्प्युटरवर मिसरूड फुटलेला पोरगा. मागं रांग.

‘जुनं नाव सांगा, मावशी.’

‘त्यात लिव्हलंय की.’

‘सांगा ओ, टाइप करायचंय.’

‘नकुसा.’

‘जरा मोठ्यानं. पंख्याचा आवाज हाय.’

ती मोठ्यानं सांगते. रांगेतल्या मुंड्या मोबाइलमधून वर येतात.

‘बदलाचं कारण?’

इथं बाई गप्प. पोरगा वाईट नाही. तो स्वतःच ‘वैयक्तिक कारण’ असं टाकून मोकळा होतो. अख्ख्या प्रकरणात खासगी राहिलं ते एवढंच.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२१ साली त्याच न्यायालयानं सीबीएसईच्या एका प्रकरणात, नाव हा माणसाच्या ओळखीचा भाग आहे आणि त्यावर त्याचा हक्क आहे, असंही सांगितलं. दोन्ही निकाल उत्तम आहेत. काउंटरवर त्यांची झेरॉक्स कुणी मागत नाही, म्हणून ते फाइलला लागत नाहीत.

आता खर्च. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा स्टॅम्प जाऊन पाचशेचा आला. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, असं नंतर महसूलमंत्र्यांना जाहीर सांगावं लागलं. कोर्टाबाहेरच्या झाडाखाली ती बातमी अजून पोचायची आहे. नोटरीचे वेगळे, राजपत्राची फी वेगळी, फॉर्म भरणाऱ्याचे वेगळे, आधार दुरुस्तीचे ७५ वेगळे. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा टाइप करणाऱ्यानं ‘सुनिता’ची ‘सुमिता’ केली तर एक संधी तिथंच खर्ची. बुडालेली मजुरी कुणी धरत नाही. एसटीला २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढीच काय ती या कामात नकुशीला सरकारी मदत. शाळेचा दाखला तर विचारूच नका. पोरगी शाळेत असेतोवर शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं जनरल रजिस्टरातलं नाव बदलतं. शाळा सुटली की ते रजिस्टर म्हणजे ब्रह्मलिखित.

सातबाऱ्यावर मात्र काही अडचण येत नाही. तिथलं तिचं नाव हक्कसोडपत्रानं आधीच निघालेलं असतं. तो स्टॅम्प भावानं हौसेनं भरलेला असतो.

बरं, हे नाव तिच्यापाशीच थांबेल असंही नाही. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढं आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावायचं, असा शासनाचा निर्णय आहे. निर्णय चांगला, आईचं नाव कागदावर आलंच पाहिजे. फक्त कागद बदलायचे राहून गेलेल्या तरण्या नकुशांच्या बाळाच्या पहिल्याच दाखल्यावर, बाळाच्या नावाला खेटून, नकुसा. पोराला शाळेत हजेरी देताना ते सांगावं लागेल.

नाव बदलावं तर गावासारखं. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं ईश्वरपूर करण्याची घोषणा जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात झाली. गावाला कुणी पाचशेचा स्टॅम्प मागितला नाही, दोन पासपोर्ट फोटो मागितले नाहीत, मजुरी बुडवून हेलपाटे घालायला लावले नाहीत. पाट्यांचा खर्च आपण सगळे मिळून देऊ. गावाला जे जमतं ते बाईला का जमू नये, याचं उत्तर सोपं आहे: बाईच्या नावावर मोर्चा निघत नाही.

माझ्या मते प्रतिज्ञापत्र उलट्या बाजूनं घ्यायला हवं. नाव ठेवणाऱ्याकडून. ‘मी, खाली सही करणारा, नात्यानं बाप/आजी/आत्या, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर मुलीनं काहीएक मागणी केली नसताना मी तिला हे नाव दिलं. त्या वेळी मी पूर्ण शुद्धीत होतो व पेढ्यांचे पैसे वाचल्याचं मला समाधान होतं. नाव बदलण्याचा सर्व खर्च माझ्याकडून वसूल करावा आणि राजपत्रात तिच्याऐवजी माझं नाव छापावं.’ खाली दोन साक्षीदार. घुगऱ्या खायला आलेले शेजारी चालतील.

तोवर केंद्रातलं काम चालूच आहे. याच बाईला २०२४ पासून सरकार महिन्याला दीड हजार देतं, लाडकी बहीण म्हणून. यादीत नाव नकुसा. बँकेतही नकुसा, आधारवरही नकुसा, म्हणून पैसे बिनतक्रार जमा होतात. पोरगा की-बोर्डवरचा हात काढून तिला आपुलकीनं सांगतो, ‘मावशी, एवढ्यात नाव बदलू नका. केवायसीत घोळ झाला तर लाडकी बहीणचा हप्ता अडकंल.’

बाई जरा विचार करते.

‘मग ह्या महिन्याचा पडू दे,’ ती म्हणते. ‘त्याच पैशाचा स्टॅम्प घेऊन येते.’